आठ खाचांची पट्टी

कापसाची बोंडं फुटू लागली की परभणीकडच्या हवेला एक कोरडा, किंचित कडवट वास येतो. पऱ्हाटीची पानं तांबूस पडायला लागलेली असतात, खालच्या अंगाला पाऊसकाळाची ओल अजून धरून असते, आणि दोन्ही मिळून तो वास होतो. सकाळी दव, दुपारी चटका देणारं ऊन, दिवेलागणीला अंगावर काटा. हा वेचणीचा हंगाम. हाच हिवतापाचाही हंगाम.

परवा पुतणीकडे जायला निघालो होतो. देवगाव फाट्यावर बस बदलावी लागते. तिथे भर दुपारी एक माणूस घोंगडी पांघरून उन्हात बसला होता. दात वाजत होते. शेजारी त्याची बायको, मांडीवर औषधाची बाटली. कारखान्यातून आलेली, वर मापाच्या रेघांचं झाकण. माझी नजर झाकणावर न जाता बाटलीच्या अंगावर गेली. इतक्या वर्षांनंतरही तिथेच जाते. तिथे कागदाची पट्टी नव्हती, नसणारच होती.

ती पट्टी कशी असे ते सांगायला हवं, कारण पाहिलेली माणसं आता थोडी उरली. रोगी बाटली घरून आणत. तेलाची, अत्तराची, कधी दारूची. कितीही धुतली तरी पहिला वास सांगणारी. बूच म्हणजे चिंधीचा बोळा नाहीतर दाणे काढलेल्या कणसाच्या बुरखुंडाचा तुकडा. कंपाउंडर त्या बाटलीत औषध ओते आणि बाहेरून, औषधाच्या उंचीइतकी, कागदाची पट्टी खळीनं चिकटवून देई. पट्टीच्या कडेला खाचा. एका वेळी एक खाच उतरेल इतकं प्यायचं. बोटभर रुंदीचा कागद तीनदा दुमडून कडेला कात्रीचा तिरका छाट दिला की उलगडल्यावर आठ खाचा दिसत. दोनदा दुमडला तर चार. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही ती पट्टी वाचता येई. औषधासोबत रोग्याच्या घरी जाणारा दवाखान्याचा लेखी शब्द तेवढाच होता.

निजामाचं राज्य होतं आणि जगात दुसरी मोठी लढाई चालू होती. मानवतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरच्या एका गावात माळवदाच्या छपराचा, दोन खोल्यांचा दवाखाना होता. गावाचं नाव देत नाही. तिथे आम्ही तिघं. डॉक्टर हमीद हैदराबादहून आलेले, वैद्यकी उर्दूतून शिकलेले, पण रोग्याला मराठीत विचारत, तेही इथल्या मराठीत: "थंडी वाजायलीय का? कवापासून?" नर्स ताराबाई जालन्याच्या, पन्नाशीच्या, हात धुताना नेहमी काहीतरी गुणगुणत. आणि कंपाउंडर मी, तेविसाव्या वर्षातला.

हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, महाग झालेलं, कमी येणारं. ते पाण्यात विरघळायला आम्लाचे थेंब घालावे लागतात. विरघळलं की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण बाटली उन्हात धरली तर त्यात निळसर झाक चमकते. सकाळी खिडकीशी बरणी धरून ती झाक पाहणं मला आवडत असे. त्या वर्षी कधीतरी मी ते पाहणं सोडलं. नेमकं कधी, ते सांगता येत नाही. ही नोंद कुठेही नाही.

त्या मुलखात शुक्रवार हा सुट्टीचा वार. हंगाम सुरू झाला तसे गावातले चार प्रतिष्ठित डॉक्टरांकडे आले. पुढे होते मन्मथअप्पा, किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज भारदस्त. ते म्हणाले, "साहेब, तापाला जुम्मा कळत न्हाई. माणसं गाड्या घेऊन येतेत अन् कुलूप बघून माघारी जातेत." डॉक्टरांनी तिथल्या तिथे हुकूम दिला: हंगाम संपेपर्यंत दवाखाना सातही दिवस चालेल. अप्पांनी हात जोडले. ताराबाईंनी आणि मीही मान डोलावली. कुणी जुलूम केला नव्हता. तिघांनाही ते करण्यात अभिमान वाटला होता.

सहा आठवडे गेले. दवाखान्याच्या वहीत फसली, म्हणजे निजामी सरकारी कालगणनेचा, महिना बदलला. वहीत रोग्याचं नाव, गाव, रोग, औषध यांचे रकाने होते. औषध देणाऱ्याचा रकाना नव्हता. असता तर त्यात काय लिहिलं गेलं असतं, ते आता मांडता येतं. डॉक्टर रोग्याला बसायला सांगेनासे झाले. उभ्यानंच जीभ पाहत. ताराबाईंचं गुणगुणणं थांबलं. माझ्यापुरतं सांगायचं तर औषध देण्याच्या खिडकीपलीकडची माणसं दिसेनाशी झाली. दिसत त्या बाटल्या. हात बाटली घेई, भरी, पट्टी लावी, परत देई. थकवा म्हणजे अंग दुखणं अशी माझी समजूत होती. अंग दुखत नव्हतं. उलट काम भराभर होत होतं, आणि ते भराभर होतंय याचंच कौतुक होत होतं.

एका बुधवारी सकाळी दिवसाच्या पट्ट्या कापून ठेवल्या. त्यातल्या एका गठ्ठ्याला घडी दोनदाच पडली. तिसरी राहिली. बारकी गोष्ट. पट्टीची लांबी तीच, रुंदी तीच, खळही तीच. खाचा तेवढ्या आठच्या जागी चार. म्हणजे जो प्यायचा तो दर वेळी दुप्पट प्यायचा.

दुपारी खिडकीत मन्मथअप्पांची सून आली. गिरिजा. सातवा महिना लागलेला. सकाळीच डॉक्टरांनी तिला तपासून औषध लिहिलं होतं, मुद्दाम बेताचं, आणि दोनदा बजावलं होतं. आता तिच्या हातात दोन बाटल्या होत्या, एक भरलेली, एक रिकामी.

"कंपोंडर, ही सासूबाईची मागच्या आठवड्यातली. हिला आठ खाचा हायेत. माझीला चारच. बाटल्या सारख्याच हायेत, आमच्या दुकानातल्या."

मी मान वर केली नाही. "प्रत्येकाची मात्रा वेगळी असते."

"पर साहेब म्हणले, तुला कमी घ्यायचंय. हे तर जास्त व्हायलंय. दुकानात मापं मीच बघते, मला कळतंय की."

"बाई, दुकानाची मापं दुकानात. खूण दिलीय तसं घ्या. पुढचा."

ती बाजूला झाली. पुढचा आला.

पुढे माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. तिथे छपाईचे खिळे जुळवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि तपासताना एकजण मोठ्यानं वाचायचा, दुसरा कागदावर बोट ठेवायचा. छापून गेलेल्या चुका तरीही असत. पण मी पाहिलेल्या बहुतेक मोठ्या चुकांच्या आधी कुणीतरी येऊन विचारलेलं असे, आणि विचारणाऱ्याला वाटेला लावलेलं असे. त्या बुधवारची चूक सांगताना लोक कागदाच्या घडीचं सांगत. घडी चुकणं हे हाताचं. ते पकडणारं माणूस खिडकीत उभं होतं. त्याला 'पुढचा' म्हणून हाकललं ते हातानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत अप्पांची गाडी दवाखान्यासमोर थांबली. गिरिजाला सासूनं धरून उतरवलं. तिनं तीन वेळा औषध घेतलं होतं, खुणेबरहुकूम. "कानात घंटा वाजायल्यात," ती म्हणत होती, "भिंती फिरायल्यात." तिला वांत्या होत होत्या. ताराबाईंनी पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "पोट कडक होतंय. खाट लावा."

डॉक्टरांनी बाटली उचलली. नखानं खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे आले. "ऐसे कितने गए?"

वही आणि उरलेल्या पट्ट्या ताडून पाहिल्या. अकरा. एक समोर होती. दहा बाटल्या आजूबाजूच्या गावांत, कुणाच्या तरी कोनाड्यात, कुणाच्या शेतात झाडाच्या बुंध्याशी.

सहा आठवड्यांत पहिल्यांदा दवाखान्याची खिडकी बंद झाली. ताराबाई आत गिरिजापाशी राहिल्या. डॉक्टर सायकलवर दुधना नदीपलीकडे गेले, मी पायी अलीकडच्या तीन गावांत. प्रत्येक गावी चावडीवर सांगितलं आणि दवंडी पिटवली: कडू औषध कुणी पिऊ नये, बाटली चावडीवर आणावी. वेचणीची माणसं शेतात होती. मी कापसाच्या ओळीओळींतून चालत हाका मारत होतो. उंच वाढलेल्या पऱ्हाटीतून डोकी वर येत, ओटीत कापूस घेतलेल्या बायका उभ्या राहत. त्या दिवशी माणसं दिसली. बाटलीमागे किती चेहरे असतात ते दिसलं.

एका म्हाताऱ्यानं हात झटकले. "बाटली रिकामी हाय, कंपोंडर."

मी विचारलं, "सगळं प्यालात?"

"म्या कशाला पितो? लय कडू. रेड्याला पाजलं."

"रेडा कसा आहे?"

"ठीक हाय की. त्याला ताप न्हाई," तो म्हणाला, आणि शेजारच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं आणि हसताना बांधावर खाली बसावं लागलं.

दिवस मावळायच्या आत हिशेब लागला. आठ बाटल्या परत आल्या. एक रेड्यानं संपवली. एक फुटली होती. ओट्यावरची ओली माती मी हात लावून पाहिली. दोघांचे कान गुणगुणत होते, ते दोन दिवसांत थांबले. उरली गिरिजा.

तीन दिवस तिचं पोट कधी कडक होई, कधी सैल पडे. ताराबाई उठल्या नाहीत. मी पाणी गरम करून दाराशी ठेवत असे. आत जायची परवानगी नव्हती, आणि मागायचं धाडसही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून गुणगुणणं ऐकू आलं. ताराबाई हात धूत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरगं आत लाथा मारतंय. रागावलंय, म्हणजे बरं आहे." मग म्हणाल्या, "कान मात्र... उजव्यानं काहीच ऐकू येत नाही तिला. बघू." आम्ही बघत राहिलो. तो कान परत आला नाही.

मी डॉक्टरांपुढे उभा राहून नोकरी सोडतो म्हणालो. तेवढ्यात अप्पा आले. त्यांची मागणीही तीच होती. "ह्याला आजच्या आज काढा, साहेब. माझी सून ह्याच्याकडं इचारायला आलती. इचारायला!"

ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की आत खाटेवर गिरिजालाही ऐकू गेलं. सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. ती ताराबाईंना म्हणाली, पण बाहेर जाईल अशा आवाजात, "ताराबाई, ह्यांला काढलं तर दुसरा येईल. त्यालाबी दोनच हात असतील. बैलालाबी पोळ्याला सोडतेत. ह्यांला कवा सोडतेत, तेवढं इचारा."

ओसरीवर अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "जुम्म्याचं सांगायला म्याच आलतो," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मियाँ, हाथ तुम्हारा था, हुकूम मेरा था. रिपोर्ट में दोनों लिखूँगा. नौकरी छोड़ने का नक्को बोलो. चूक करके भागे तो अगला फिर नया सीखेगा, और किसके कान पे सीखेगा?"

त्यांनी अहवाल लिहिला. 'चूक कंपाउंडरची, कारण माझा हुकूम, उपाय पुढीलप्रमाणे.' वरून उत्तर आलं तेव्हा हंगाम संपला होता. दोघांना ताकीद होती. उपायांबद्दल काही नव्हतं. डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिलीच नव्हती.

दवाखान्याच्या दारावर फळी लागली, वर उर्दू, खाली मराठी. दवाखाना रोज उघडा. सोमवारी नर्स घरी, बुधवारी कंपाउंडर घरी, शुक्रवारी डॉक्टर घरी. आणि खाली एक ओळ: बाटली परत घेऊन कुणी आलं तर सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं.

आता हे साधं वाटतं. तेव्हा गावाला ते पचलं नाही. माणसं तापानं फणफणत असताना सरकारचा पगार घेणारा माणूस बुधवारी दुपारी खाटेवर पडतो, ही चर्चेची गोष्ट होती. पारावरून प्रश्न येई, "काय कंपोंडर, आज तुमचा सन का?" ताराबाईंनी पहिल्या सोमवारी रांगेसमोर स्वतःच जाहीर केलं, "आज बाई झोपणार आहेत. कुणी बाळंत होऊ नका." रांग हसली, आणि हसलेल्या माणसांना नंतर तक्रार करणं अवघड गेलं. बुधवारी डॉक्टर स्वतः खिडकीत बसून पट्ट्या कापत. त्यांचा हात सावकाश. रांग वडाच्या पारापर्यंत जाई. काहीजण कुरकुरत माघारी गेले. काहींचा ताप एक दिवस जास्त राहिला असेल. हे लपवत नाही. विश्रांती फुकट मिळत नाही, ती कुणाच्या तरी वाटेतून येते. डॉक्टरांनी हे जाणून ठरवलं होतं आणि जे सांगायला येत त्यांना ते तसंच सांगत.

सगळ्यात अवघड होतं ते घरी राहणं. पहिल्या बुधवारी मी खोलीत बसून उद्याच्या पट्ट्या कापत होतो. ताराबाई जाता जाता डोकावल्या, कात्री उचलली आणि नेऊन दवाखान्याच्या कपाटात कुलूपबंद केली. पुढे दर मंगळवारी संध्याकाळी ती कात्री कपाटात जाई. दुसऱ्या बुधवारी मी झोपलो. जागा झालो तेव्हा दारात मन्मथअप्पा बाजेवर बसलेले. कुणी माणूस बाटली घेऊन घरी आला होता, अप्पा त्याला खालच्या आवाजात सांगत होते, "आज यांचा वार हाय. दवाखान्यात साहेब हायेत, तिकडं जा. उठवू नको." ते माझ्याशी बोलायला आले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. पण पुढच्या बुधवारीही बाज दारात होती.

गुरुवारी सकाळी मी बरणी खिडकीशी धरली. निळी झाक होती. ती तिथे रोजच होती.

पुतणी सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. परवा पोचलो तेव्हा ती दोन दिवसांची जागी होती आणि मला सांगत होती की हंगाम आहे, काका, इलाज नाही. मी विचारलं, "आज तुला कुणा रोग्यानं उलटून काही विचारलं?"

"त्यांना वेळ कुठे असतो विचारायला."

"त्यांना असतो. आठवून बघ."

तिनं भाजी ढवळायची थांबवली. म्हणाली, "एक बाई गोळीचं पाकीट दाखवत होती. मी म्हटलं, उद्या या." मग गॅस बंद केला, चपला घातल्या. तिला त्या बाईचं गाव माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर बसून तिच्या केंद्रातल्या चौघांच्या सुट्टीचे वार कागदावर मांडले. वरिष्ठांना पटणार नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, मांडून ठेव, आणि पाळायला सुरुवात कर.

गिरिजाला पौषात मुलगा झाला, ताराबाईंच्या हातांवर. तो दिवस सोमवार होता. ताराबाईंनी नंतर मंगळवार घेतला, हट्टानं, पूर्ण.

पोर दोन महिन्यांचं झालं तेव्हा ती खिडकीत आली. सासूच्या खोकल्याचं औषध हवं होतं. कडेवर मूल, हातात दुकानातली तशीच बाटली. मी औषध ओतलं, पट्टी चिकटवली, बाटली पुढे केली. तिनं ती घेतली नाही. डावा कान खिडकीकडे वळवला.

"किती खाचा?"

"आठ."

"किती?"

"आठ."

"मोजून दावा. मोठ्यानं. मला ऐकू येत न्हाई."

मी पहिल्या खाचेवर नख ठेवलं आणि मोजायला लागलो. एक, दोन. ती माझ्या नखाकडे पाहत होती, ओठ हलत होते. तीन, चार. चारवर माझं नख थांबलं. ती थांबली नाही. "पाच," ती म्हणाली, आणि पुढचे आम्ही दोघांनी मिळून मोजले. रांगेतली माणसं ऐकत होती. आठ झाल्यावर तिनं बाटली पदराखाली घेतली आणि गेली.

तिच्यामागे रेड्याला औषध पाजणारा म्हातारा उभा होता. त्यानं बाटली खिडकीत ठेवली. "आमचीबी मोजा," तो म्हणाला. "तसंच. मोठ्यानं."

मी त्याची मोजली. त्याच्या मागच्याची मोजली. त्या दिवसापासून त्या खिडकीतून एकही बाटली मोजल्याशिवाय गेली नाही. बुधवारी डॉक्टर मोजत, बाकीचे दिवस मी, आणि रांगेतली पोरंसोरं आमच्यासोबत आकडे शिकली. वेळ जाई. रांग पारापर्यंत जाई. आठव्या खाचेवर नख थांबलं की मी मान वर करी, समोरच्याचा चेहरा पाही, त्याला काही विचारायचं आहे का त्याची वाट पाही. मग म्हणे, "पुढचा."